बरोबर आहे, पण ग्राह्य नाही

मराठी भाषेत 'बरोबर' या शब्दाइतका राबणारा शब्द दुसरा नसेल. आमच्या ब्रँचमधल्या एकुलत्या एका शिपायासारखा तो सगळ्या टेबलांवर कामाला असतो. 'दोन अधिक दोन बरोबर चार' इथे तो चिन्ह असतो. 'माझ्याबरोबर चला' इथे तो सोबत असतो. 'शेजाऱ्यांशी बरोबरी करू नका' इथे तो हेवा असतो. 'त्याला बरोबर बघून घेतो' इथे धमकी असतो. आणि 'तुझं बरोबर आहे' इथे, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतर, तो विनाअट शरणागती असतो.

आता एकाच शब्दाला इतकी कामं सांगितली की घोटाळा व्हायचाच. हिशेब बरोबर आला की माणसाला वाटतं, आपलं वागणंही बरोबर झालं. बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला. सगळ्या पायऱ्या नियमाप्रमाणे चढून आलो, म्हणजे आपण योग्य मजल्यावरच पोचलो. हे खरं आहे का? नियमाप्रमाणे बरोबर आलेलं उत्तर नाकारायचा माणसाला अधिकार आहे का? आणि असला, तर तो केव्हा वापरायचा?

हे प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांचे आहेत आणि एका बी.कॉम. झालेल्या कारकुनाने त्यात लुडबुड करू नये, असं कोणी म्हणेल. कबूल. पण तत्त्वज्ञांना रोज संध्याकाळी कॅश टॅली करून घरी जावं लागत नाही. आम्हाला लागतं. 'बरोबर' या शब्दाशी त्यांची ओळख पुस्तकातली, आमची पोटापाण्याची.

शिवाय या प्रश्नाचं उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या कपाटात सापडलं नाहीच. ते सापडलं बीजगणितात, आणि तेही लॉगॅरिदमच्या प्रकरणात. शुद्ध मराठीत ज्याला लघुगणक म्हणतात आणि अशुद्ध मराठीत ज्याला 'तो लॉगचा धडा' म्हणतात, तोच. हा धडा ऑप्शनला टाकून हजारो माणसं आयुष्यात सुखी झालेली आहेत. त्यांच्या सुखात मी थोडा व्यत्यय आणणार आहे.

त्याचं असं झालं. माझी अकरावीतली पुतणी एक दिवस चाचणीचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा, की पासबुकात न केलेला खर्च दिसलेल्या खातेदाराचा असतो तसा.

"काका, यात एकही पायरी चुकलेली नाही. तरी सरांनी एक मार्क कापलाय."

गणित असं होतं: लॉग क्ष अधिक लॉग (क्ष वजा ३) बरोबर १. पाया दहा. पोरीने सगळं शिस्तीत केलं होतं. दोन लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, म्हणून क्ष गुणिले (क्ष वजा ३) बरोबर १०. त्यातून वर्गसमीकरण: क्षवर्ग वजा ३क्ष वजा १० बरोबर शून्य. अवयव पाडले. उत्तरं दोन: क्ष बरोबर ५ किंवा क्ष बरोबर उणे २. खाली दोन रेघा मारून, वर चौकट काढून, पोरगी मोकळी झाली होती. सरांनी 'उणे २' भोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं होतं: 'ग्राह्य नाही.'

"पायरी कुठली चुकली ते तरी सांगा!" ती म्हणाली.

"एकही नाही," मी म्हणालो.

"मग उत्तर का चूक?"

पाहा, सोळा वर्षांच्या मुलीने नीतिशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न एका मार्कासाठी विचारला होता. मोठी माणसं तो प्रमोशनसाठीसुद्धा विचारत नाहीत.

तिला जे सांगितलं ते थोडक्यात इथे सांगतो. लॉग म्हणजे काही भयंकर प्रकार नव्हे. दहा नावाच्या गृहस्थाला लिफ्टमध्ये उभं करा. पहिल्या मजल्यावर तो दहा असतो, दुसऱ्यावर शंभर, तिसऱ्यावर हजार. हा मजला म्हणजे घातांक. आता उलट विचारा, हजार हवे असतील तर कितव्या मजल्यावर जायचं? तिसऱ्या. म्हणून हजारचा लॉग तीन. लिफ्ट तळमजल्याला, म्हणजे शून्यावर आणली की आपला दहा फक्त एक उरतो. त्याखाली तळघरं आहेत. उणे एकवर तो दशांश होतो, उणे दोनवर शतांश. पण कितीही तळघरं खाली गेलात, तरी तो शून्य होत नाही आणि ऋण तर कधीच होत नाही. म्हणून शून्याचा लॉग नसतो आणि ऋण संख्येचाही नसतो. निदान शाळेत तरी नसतो. पुढे मोठी झालेली माणसं काल्पनिक संख्या घेऊन तोही काढतात, पण मोठी झालेली माणसं काय, काहीही काढतात.

आता ते 'उणे २' मूळ गणितात घालून पाहा. लॉग क्ष म्हणजे लॉग उणे २. हा निघत नाही. लॉग (क्ष वजा ३) म्हणजे लॉग उणे ५. हाही निघत नाही. मग हे उत्तर आत शिरलं कुठून? ते शिरलं दुसऱ्या पायरीतून. आपण दोन लॉग एकत्र करून गुणाकार केला ना, तिथे उणे २ आणि उणे ५ यांनी एकमेकांचा हात धरला. उणे गुणिले उणे अधिक. झाले दहा! आणि दहाचा लॉग अगदी व्यवस्थित निघतो.

हे ऐकून पुतणी नुसती 'हं' म्हणाली, पण मला मात्र घाम फुटला. कारण हा प्रकार मी ओळखत होतो. बँकेत याला परस्पर जामीनकी म्हणतात. एका कर्जबाजारी माणसाला कर्ज हवं असतं. त्याची पत ऋण. तो जामीन म्हणून दुसरा कर्जबाजारी आणतो. त्याचीही पत ऋण. याच्या कर्जाला तो जामीन, त्याच्या कर्जाला हा. वेगवेगळे उभे केले तर दोघांनाही दारातून आत घेणार नाही कोणी. पण दोघांच्या सह्या एकाच कागदावर आल्या की फाइल कशी हिरवीगार दिसते! सगळ्या रकाने भरलेल्या, सगळे शिक्के जागेवर. पायरी एकही चुकलेली नसते.

मराठीने 'उणे' आणि 'कर्ज' या दोघांना 'ऋण' हा एकच शब्द दिला, यामागे आपल्या पूर्वजांचा बँकिंगचा अनुभव असावा, अशी माझी जुनी शंका आहे.

हे लॉग काढले जॉन नेपियर या स्कॉटिश जमीनदाराने. वीसेक वर्षं आकडेमोड करून १६१४ साली त्याने आपली कोष्टकं छापली. गुणाकाराची बेरीज करून टाकणारं हे यंत्र पाहून लोक हरखून गेले. खगोलशास्त्रज्ञांचे कष्ट वाचवून लॉगने त्यांचं आयुष्यच दुप्पट केलं, असं पुढे लाप्लास म्हणाला. आमच्याकडेही मागे मोठा गाजावाजा करून कॉम्प्युटर आले. कारकुनाचं आयुष्य दुप्पट झालं नाही, काम झालं. असो. आपल्याकडेही नवव्या शतकातल्या 'धवला' टीकेत वीरसेन या जैन आचार्यांनी 'अर्धच्छेद' सांगितला आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तिसाचा पाच. हा म्हणजे दोन पायाचा लॉगच. महिन्याचा पगार किती वेळा निम्मा होतो याचा अर्धच्छेद काढण्याचं काम आमच्याकडे सौ. करते. तो साधारण दहा तारखेपर्यंत संपतो.

नेपियरच्या पहिल्या लॉगला दहाचा पाया नव्हता. ते दहावर आणायचं पुढचं किचकट काम हेन्री ब्रिग्ज या प्राध्यापकाने अंगावर घेतलं. १६२४ साली त्याने १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० एवढ्या संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत काढून छापले. मधले सत्तर हजार? ते एड्रियान व्लाक या डच पुस्तकविक्रेत्याने १६२८ साली भरून काढले. मोठ्या माणसांनी सुरुवात आणि शेवट करायचा आणि मधले सत्तर हजार दुसऱ्याने भरायचे, ही पद्धत तेव्हापासून सर्व ऑफिसांत चालू आहे.

या नेपियरची एक गोष्ट सांगतात. खरी-खोटी नेपियरला ठाऊक. त्याच्या घरात चोऱ्या होऊ लागल्या. संशय नोकरांवर. त्याने एक काळा कोंबडा अंधाऱ्या खोलीत ठेवला आणि जाहीर केलं, की हा कोंबडा मंतरलेला आहे. एकेकाने आत जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, चोराचा हात लागला की तो आरवेल. एकेक नोकर आत गेला, बाहेर आला. कोंबडा काही आरवला नाही. मग नेपियरने सगळ्यांना हात पुढे करायला सांगितले. कोंबड्याला आधीच काजळी फासलेली होती. सगळ्यांचे हात काळे, फक्त एकाचे स्वच्छ. चोर तोच! भीतीने त्याने कोंबड्याला हातच लावला नव्हता.

या गोष्टीवर मी फार विचार केला आहे. आपण एरवी हात स्वच्छ आहेत की नाहीत तेवढंच पाहतो. 'माझे हात स्वच्छ आहेत, मी नियमाप्रमाणे केलं,' हे वाक्य ऑफिसात दिवसातून दहादा ऐकू येतं. नेपियर म्हणतो, थांबा. हात स्वच्छ आहेत ते ठीक, पण कोंबड्याला लावलेत का?

आता घातांकांकडे वळू. घात म्हणजे गणितात वाढ आणि व्यवहारात नाश. चक्रवाढ व्याज हा एकच प्रकार असा आहे, की जिथे हे दोन्ही अर्थ एका घरात नांदतात. ठेव असली की पहिला अर्थ, कर्ज असलं की दुसरा.

द.सा.द.शे. आठ टक्क्यांनी ठेवलेली रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल? इथे अज्ञात क्ष घातांकात जाऊन बसलेला असतो, माळ्यावर अडकलेल्या मांजरासारखा. लॉग घेतला की तो खाली उतरतो. लॉग दोन म्हणजे ०.३०१०, भागिले लॉग १.०८ म्हणजे ०.०३३४. उत्तर, जवळजवळ नऊ वर्षं. बाहत्तरला व्याजदराने भागायचं आणि वर्षं काढायची, ही आम्हा बँकवाल्यांची युक्ती याच्याच पोटातली. ती १४९४ साली पाचोलीने छापलेल्या ग्रंथातही आहे, म्हणजे लॉग जन्माला येण्याआधीची.

आता हेच सूत्र सावकाराच्या हातात द्या. महिना पाच टक्के. लॉग १.०५ म्हणजे ०.०२१२. भागाकार केला की उत्तर येतं सव्वाचौदा महिने. पुढच्या दिवाळीनंतर कर्ज दुप्पट. पाच वर्षं काहीच फेडता आलं नाही, तर दहा हजारांचे एक लाख शहाऐंशी हजार होतात. मी हे दोनदा तपासून पाहिलं. हिशेब बरोबर आहे. अडचण तीच तर आहे!

आपल्या जुन्या लोकांना ही अडचण माहीत होती. मनुस्मृतीत काय काय लिहून ठेवलं आहे याबद्दल आपलं बरंच भांडण आहे आणि ते असायलाच हवं. पण एकरकमी घेतलेलं कर्जाचं व्याज मुद्दल धरून दुपटीच्या पुढे जाऊ नये, असा एक नियम तिथे आहे. आपण त्यालाच दामदुप्पट म्हणतो. व्याज कितीही साचो, एका वेळी मुदलाहून अधिक मागायचं नाही. पुढे मुंबई इलाख्यात इंग्रजांच्या कोर्टांनीही हा नियम हिंदू ऋणकोंना लावला. म्हणजे काय केलं? तर घातांकाच्या सूत्राने अठरापट असं बिनचूक उत्तर काढून दिलं, आणि कोणीतरी त्याभोवती लाल गोल काढून शेजारी लिहिलं: ग्राह्य नाही.

पण नुसत्या नियमाने भागत नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले. त्यांना पैसे नको होते, दागिने नको होते. त्यांना हवे होते रोखे. हिशेबाचे कागद. ते मिळाले की त्यांची होळी करायची. दख्खनचा उठाव म्हणून इतिहासात जो धडा आहे, तो हाच. त्या कागदांवरच्या बेरजा चुकलेल्या होत्या म्हणून ते जाळले, असं नव्हे. काही चुकलेल्याही असतील. पण बऱ्याच बेरजा बरोबर होत्या, आणि माणसाला जगायला जागा उरली नव्हती.

यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. कोर्टाने केवळ समोरच्या रोख्यावर विसंबून हुकूमनामा द्यायचा नाही, तर ऋणको आणि धनको यांच्यातला व्यवहार मुळापासून तपासायचा. पहिलं कर्ज किती, का घेतलं, फेडलं किती, त्याचा नवा रोखा कसा झाला. म्हणजे शेवटच्या पायरीवर विश्वास ठेवायचा नाही, उत्तर पुन्हा मूळ समीकरणात घालून पाहायचं. पुतणीच्या सरांनी एका मार्कासाठी जे केलं, ते त्या कायद्याने माणसांसाठी सांगितलं. गणितात याला पडताळा म्हणतात.

इथवर सगळं दुसऱ्यांचं झालं. आता आमच्या काउंटरवरचं सांगतो.

२०१९ च्या एप्रिलातली गोष्ट. मंडईत मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी पासबुक घेऊन आल्या. नातवाच्या फीसाठी म्हणून त्यांनी ८२६ रुपये ठेवले होते आणि पावणेदोन वर्षं त्यांना हात लावला नव्हता. मशीनने पासबुक छापलं. दर तिमाहीला किमान शिल्लक नसल्याचा दंड शंभर रुपये, त्यावर अठरा टक्के कर, एकूण ११८. सात तिमाह्या. सात गुणिले ११८ बरोबर ८२६. भागाकार निःशेष गेला होता. व्याजाची जी काही चिल्लर मधे पडली होती, तेवढीच उरली होती, आणि पुढच्या तिमाहीला तिचीही वेळ भरत आली होती.

"साहेब, माझे सव्वाआठशे कुठं गेले?"

"मावशी, खात्यात पैसे कमी होते. त्याचा दंड कापलाय. मोबाईलवर मेसेज आले असतील बघा."

मावशींनी पासबुक उलटंसुलटं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे पैसे कमी होते म्हणून पैसे कमी केले?"

वीस वर्षांच्या नोकरीत बँकिंगची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

मी पासबुक घेऊन मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते भले गृहस्थ. त्यांनी स्क्रीनवर पाहिलं आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"साहेब, बरोबर आहे हो. पण..."

"पण काय? आज तू मावशींचं माफ करायला सांगशील. उद्या नगरसेवकाचा मेहुणा येईल. त्यालाही 'पण' असेल. नियम सगळ्यांना सारखा असतो म्हणून तर गरिबाला निदान रांगेत उभं राहता येतं. तो वाकवायला लागलो ना, की आधी मोठ्यांसाठी वाकतो."

हा युक्तिवाद पोकळ नाही, वाचकहो. दया चांगलीच, पण ती करणाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि मर्जीचा रस्ता बहुधा ओळखीच्या घरावरून जातो. साहेबांचं म्हणणं मला आजही पटतं. फक्त त्यातला 'सारखा' हा शब्द तेवढा पडताळून पाहावासा वाटतो.

११८ रुपये सगळ्यांना सारखे असतात का? १७३८ साली डॅनियल बर्नुली नावाच्या गणितज्ञाने यावर विचार केला. तो म्हणाला, नव्या रुपयाचं मोल हातात आधी किती रुपये आहेत त्यावर ठरतं. जितके जास्त, तितकं मोल कमी. हा हिशेब मांडत गेलं की पैशाची खरी किंमत लॉगच्या वक्राने वाढते. ८२६ मधून ११८ गेले म्हणजे सातवा हिस्सा गेला. आठ लाख सव्वीस हजारांतून ११८ गेले, तर सात हजारावा हिस्सा गेला, खातेदाराच्या लक्षातही येणार नाही. आणि शेवटचे ११८ गेले, की काय होतं? शून्याचा लॉग नसतो. तिथे वक्र पाताळात जातो. आमच्या स्क्रीनवर मात्र नुसतं 'शिल्लक ०.००' दिसतं.

म्हणजे मावशींवर दया करा, असं मी म्हणत नव्हतो. पडताळा घ्या, म्हणत होतो. दोन्हींत फरक आहे. दया म्हणते, माणूस बघून उत्तर बदला. पडताळा म्हणतो, माणूस कोणी का असेना, उत्तर मूळ प्रश्नात बसतं का ते बघा. सरांनी 'उणे २' नाकारलं ते त्याचा चेहरा आवडला नाही म्हणून नव्हे. मूळ समीकरणाची अट त्याने पाळली नाही, म्हणून. तसं इथे मूळ समीकरण काय? पासबुकाच्या मुखपृष्ठावरच छापलेलं आहे: बचत खाते. उत्तर आत घालून पाहा. जिने बचत केली, तिची बचत शून्य. समीकरण जुळलं का? मग नगरसेवकाच्या मेहुण्याला घाबरायचं कारण नाही. त्याचंही उत्तर असंच घालून पाहू. नाही बसलं, तर त्यालाही लाल गोल.

आणखी एक गोष्ट. पडताळा फक्त नाकारण्यासाठीच असतो, असं नाही. पुतणीला मी मुद्दाम दुसरं गणित घातलं: लॉग क्षवर्ग बरोबर २. एका मार्काने पोळलेल्या पोरीने फटकन क्ष बरोबर १० लिहिलं आणि उणे १० वर काट मारली.

"का गं?"

"ऋण आहे ना, काका. ग्राह्य नाही."

"घालून पाहिलंस?"

तिने घातलं. उणे १० चा वर्ग शंभर, शंभराचा लॉग दोन. उत्तर चोख! इथे लॉग क्षाचा नाही, क्षवर्गाचा मागितलेला आहे. सोपं करायच्या घाईत 'दोन लॉग क्ष बरोबर दोन' असं लिहिलं असतं, तर उणे १० दाराबाहेरच राहिला असता, आणि तोही पायऱ्या नियमासारख्याच दिसत असताना. म्हणजे एकीकडे सोपं करताना नको तो आत येतो, दुसरीकडे सोपं करताना हवा तो बाहेर राहतो. परस्पर जामीनकीवाले दोघे लाखांचं कर्ज घेऊन गेले आणि मावशींचे आठशे बुडाले, यातलं पहिलं गणित आणि दुसरं गणित वेगळं सांगायला नको. 'ऋण दिसला की काट' ही सवय आणि 'कागद पुरा दिसला की सही' ही सवय, दोन्ही एकाच आईच्या लेकी. दोघीही घालून पाहत नाहीत.

मावशींचं पुढे काय झालं, ते तुम्ही विचारणारच. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्यांच्या अधिकारात बसत होते तेवढे शेवटच्या दोन तिमाह्यांचे २३६ रुपये परत केले. बाकीचे ५९० वरच्या ऑफिसच्या अधिकारात होते. तिथे मी पत्र पाठवलं. 'नियमानुसार योग्य' असं उत्तर आलं, त्यात टायपिंगची एकही चूक नव्हती. खातं मात्र आम्ही किमान शिल्लक न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यात बदललं. अशी खाती असतात. फक्त ती मागणाऱ्याला ती असतात हे माहीत नसतं, आणि माहीत असणाऱ्याला ती लागत नाहीत.

नियम करणारेही पडताळा घेतात, उशिरा का होईना. केवळ किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावून बचत खातं ऋण करायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून लागू केलं. शून्याच्या खाली जायचं नाही, हा लॉगचाच नियम. २०२० साली देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेने आणि २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनी बचत खात्यांवरचा हा दंडच काढून टाकला. म्हणजे जे १०० अधिक १८ आमच्या ब्रँचमध्ये अगदी बरोबर होते, तेच पुढे कोणाला तरी मूळ प्रश्नात घालून पाहावेसे वाटले.

मावशी अजून येतात. मशीनने पासबुक छापलं की ते काउंटरवर माझ्यापुढे धरतात आणि दरवेळी तेच विचारतात.

"साहेब, आता पैसे कमी असले तरी चालतंय ना?"

"चालतं, मावशी."

"मग आधी का चालत नव्हतं?"

यावर मी लॉगटेबल बऱ्याचदा चाळलं आहे. एक ते दहापर्यंत सगळ्यांचे लॉग त्यात आहेत, चार दशांश स्थळांपर्यंत. मावशी मात्र उत्तरासाठी थांबत नाहीत. काउंटरवर कोथिंबिरीची एक जुडी ठेवतात आणि जातात. तिचे दहा रुपये घ्या म्हटलं, तर म्हणतात, "राहू द्या, कुठं बरोबर नेताय?"